अठ्ठेचाळीसच्या जागी पन्नास

९ जुलै

आत्या,

वाकून नमस्कार केला असं समज. प्रत्यक्षात पलंगावर मांडी घालून लिहितेय. गेल्या आठवड्यापासून तुला अकरा वेळा फोन केला. वाजतो, वाजतो आणि थांबतो. शेवटी कागद घेतला. याआधी तुला पत्र लिहिलं होतं ते चौथीत असताना, आणि त्यात बहुतेक सगळं मांजराबद्दल होतं.

विषय असा की निकाल लागला. संख्याशास्त्रात पहिला वर्ग मिळाल्याचं बाबांनी तुला कळवलं असेलच, कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कळवून झालंय. आता टेबलावर दोन कागद पडलेत. एक विमा कंपनीचं नेमणुकीचं पत्र, दुसरा बी.एड.च्या प्रवेशाचा अर्ज. दोन्हींची मुदत ३१ ऑगस्ट. बाबा म्हणतात, चालून आलेली नोकरी कोणी सोडतं का. आई म्हणते, तुला वाटेल ते कर, आणि मग भांडी जरा जास्तच जोरात ठेवते.

नुसता विचार करून काही उमगेना, म्हणून मी एक उद्योग केलाय. जवळच्या शाळेतल्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. त्यांच्या जागी आठ आठवडे मी. इयत्ता सातवी, तुकडी ब, अडतीस मुलं. उद्यापासून. भीतीही वाटतेय आणि आनंदही झालाय, दोन्ही एकदमच.

घरात सत्तावीस वर्षं गणित शिकवलेली तू एकटी. तेव्हा तूच सांग, बी.एड. करू का? एका शब्दात सांगितलंस तरी चालेल.

तुझी मुंगी

१४ जुलै

मुंगे,

एका शब्दात मागितलंस, एका शब्दात देते. नको.

आता कागद उरलाच आहे तर कारणंही ऐक. ऑफिसात खुर्चीला पाठ असते, आणि त्या पाठीला टेकून बसलं तरी कोणी काही म्हणत नाही. पाणी प्यावंसं वाटलं की पिता येतं. तुमचं काम बिघडलं तर एक माणूस रागावतो, अडतीस मुलं आणि त्यांचे शहात्तर पालक रागावत नाहीत. सुट्ट्यांचं म्हणशील तर त्या पेपर तपासण्यात जातात. आणि चाळिशी उलटली की गुडघे बोलायला लागतात.

तू हुशार आहेस. विमा कंपनीला हुशार माणसं लागतात. आम्हाला दम असलेली लागतात, हुशारीचं फार काही अडत नाही. पत्र मिळालं की होकार कळवून मोकळी हो, आणि तुझ्या बापाला म्हणावं, एकदाचं तुझं आणि माझं एकमत झालं.

फोनचं काहीतरी बिघडलंय. दुरुस्तीवाल्याला सांगितलंय.

आत्या

२२ जुलै

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बाबांना दाखवलं नाही, उगाच त्यांना चेव येईल.

खरं सांगू का, मला वाईट वाटलं. सगळे नको म्हणाले असते तरी चाललं असतं, पण मला वाटलं होतं की तू तरी उडी मारशील. लहानपणी तू मला पाढे म्हणायला बसवायचीस आणि मी अडखळले की आईला सांगायचीस, हिला धीर नाही. अजून तेच वाटतं का तुला? तसं असेल तर सरळ सांग. गुडघ्यांचं पुढे करू नकोस.

शाळेचं सांगते. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटांचा धडा सात मिनिटांत संपवला. उरलेला वेळ काय करायचं कळेना, तेव्हा एकाने विचारलं, बाई, तुम्ही खऱ्या बाई आहात का? मी म्हटलं, सध्या तरी आहे. तिसऱ्या दिवशी फळा पुसताना मीच लिहिलेलं अर्धं पुसलं आणि मग पुढचं मलाच समजेना. पण परवा अपूर्णांकांची एक गोष्ट वर्गाला एकदम कळली, आत्या. सगळ्यांना एकदम. खोलीत कोणीच काही बोललं नाही, तरी कळल्याचं कळलं. मी घरी येताना दोन बस सोडल्या, चालतच आले.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, चष्मेवाली. ती कधीच हात वर करत नाही आणि तिचं कधीच चुकत नाही.

आणि हो, बाबांच्या एका मित्राने तुला फोन केला होता. तो म्हणाला, फोन चांगला खणखणीत वाजतोय. मग उचलत का नाहीस?

मुंगी

२८ जुलै

मुंगे,

फोन चांगला आहे. माझा घसा बिघडलाय.

मार्चमध्ये आवाज बसला. वाटलं नेहमीसारखं असेल, गरम पाणी प्यायले आणि शिकवत राहिले. एप्रिलमध्ये पाचव्या तासाला आवाज फुटेचना. तोंड उघडं, आत काही नाही, आणि समोर वर्ग वाट बघतोय. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्यात. साध्याच आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. पण सहा महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, आणि पुढे पुन्हा शिकवलंत तर आवाज कायमचा जाईल असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. घरी मी पाटीवर लिहिते. भाजीवाला मला मुकी समजतो आणि भाव कमी करतो, तेवढाच फायदा.

शाळेने मला ग्रंथालयात बसवलंय. कपाटांची यादी करते. मुख्याध्यापिका चांगली आहे, तिने फार प्रेमाने सांगितलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या वर्गातून दुसऱ्या कोणाचा तरी आवाज येतो तेव्हा मी कपाटाचं दार लावून घेते.

तेव्हा माझं ‘नको’ तुझ्या धिराबद्दल नव्हतं. सत्तावीस वर्षं ज्या शाळेपायी घसा घालवला तिने मला यादी करायला बसवलं, म्हणून मला राग आलाय. रागावलेल्या माणसाचा सल्ला घ्यावा की नाही, ते तूच ठरव. मी अजूनही नकोच म्हणते.

तुझ्या बापाला यातलं काही सांगू नकोस. तो लगेच डबा घेऊन येईल आणि माझ्यासमोर बसून दोघांचंही बोलेल.

आणि वर्गात ओरडू नकोस. गोंगाट वाढला की आवाज खाली आण. ऐकायचं असलं की मुलं आपोआप गप्प होतात. हे मला पंचविसाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आत्या

८ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र वाचून रडले आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते पुरं झालं नाही. मधे जे झालं ते आधी सांगते, कारण दुसरं काही सुचत नाहीये.

पंधरा दिवसांपूर्वी तास संपता संपता एकाने विचारलं होतं, बाई, गाडी जाताना ताशी चाळीसने गेली आणि त्याच रस्त्याने येताना साठने आली, तर सरासरी वेग किती? घंटा झाली होती. मी फळ्यावर चाळीस अधिक साठ भागिले दोन लिहिलं, पन्नास काढले आणि खडू ठेवला. चाचणीत तोच प्रश्न घातला, म्हटलं सोपा आहे, मुलांना मार्क मिळतील.

काल रात्रीच्या जेवणाआधी पेपर तपासायला बसले. बावीस पेपरांवर पन्नासपुढे बरोबरची खूण केली. तेविसावा त्या चष्मेवालीचा. पन्नासच लिहिलेलं, पण खाली खोडरबराने पुसलेलं काहीतरी होतं. नीटनेटकेपणाचा अर्धा मार्क कापावा म्हणून जवळ धरून पाहिलं. रस्ता एकशेवीस किलोमीटरचा धरला होता. जायला तीन तास, यायला दोन. एकूण दोनशे चाळीस किलोमीटर, पाच तास. अठ्ठेचाळीस.

मग जेवण गेलंच नाही. संथ गाडी जास्त वेळ रस्त्यावर असते, हे मला कळू नये? संख्याशास्त्रात पहिला वर्ग. सरासरी हाच तर माझा विषय. उरलेले पेपर पाहिले. छत्तीस मुलांनी चाचणी दिली होती, छत्तीसही पेपरांत माझीच चूक होती, वेगवेगळ्या अक्षरात.

आज मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात गाठलं. विचारलं, पुसलंस का? ती म्हणाली, फळ्यावर तुम्ही पन्नास काढले होते. मी विचारलं, तुला कुठलं बरोबर वाटत होतं?

“अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली. “पण पेपर तुमचा आहे ना.”

हे ती कुरकुरत म्हणाली असती तर मला सोसलं असतं. पण तिला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. डबा खायचा होता, ती गेली.

शिक्षकखोलीत विज्ञानाच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, असू द्या, पुढच्या वर्षी हे परत येतंच, तेव्हा सुधारेल. मुलांसमोर एकदा पडलात की पडलात, आणि तुमचे आता राहिलेत किती दिवस?

पेपर शुक्रवारी, सोळाला वाटायचेत. मी सगळ्यांना पन्नासचे मार्क देऊन टाकणार आणि त्याच दिवशी विमा कंपनीला होकार कळवणार. तू म्हणत होतीस तेच खरं. तिथे माझी चूक निदान एखाद्या वरिष्ठाला तरी सापडेल. मुलं ती सापडली तरी खोडून टाकतात. मी या कामाच्या लायकीची नाही, आत्या. एवढं मला नक्की कळलं.

मुंगी

११ ऑगस्ट

मुंगे,

हे कुरियरने पाठवतेय, शुक्रवारच्या आत मिळायला हवं.

एक गोष्ट आहे जी मी कोणालाही सांगितलेली नाही, तुझ्या बापालाही नाही. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. मधलाच, ना पुढे ना मागे. सहामाहीत त्याने एक समीकरण अशा रीतीने सोडवलं की जी मी कधी शिकवलीच नव्हती. उत्तर बरोबर. मी त्यावर लाल शाईने ‘नक्कल’ असं लिहिलं. तो म्हणाला, बाई, मी स्वतःच केलंय. मी म्हटलं, मग फळ्यावर कर. सगळ्या वर्गासमोर तो गडबडला. मी त्याला दोन दिवस बाहेर उभं केलं आणि वडिलांना बोलावून घेतलं. वडील खाली मान घालून ऐकत होते, ते मला अजून दिसतं.

सुट्टीत एक जुनं पुस्तक चाळताना ती रीत सापडली. शंभर टक्के बरोबर होती. आणि आजूबाजूला बसलेल्या कोणाच्याही पेपरात ती नव्हती, म्हणजे नक्कल करणार तरी कोणाची. पोराने ती स्वतः शोधली होती.

मी गप्प बसले. म्हटलं, झालं गेलं. वर्गासमोर माझी पत काय राहील? त्याने पुढे गणित सोडलं. आता शाळेसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी झेरॉक्स काढायला दोन चौक पलीकडे जाते. एकोणीस वर्षं जातेय. सगळ्या शिक्षकखोलीला वाटतं, तिथे स्वस्त पडतं.

त्या विज्ञानाच्या सरांना तुझं भलंच हवं असेल, पण त्यांचं ऐकू नकोस. तू विमावाली हो नाहीतर आणखी कोणी हो, शुक्रवारी वर्गात उभी राहा आणि सांग की माझं चुकलं. लांबण लावू नकोस, रडू नकोस, त्यांनी माफ करावं म्हणून अडून बसू नकोस. बरोबर काय ते शिकव. आणि होकार त्या दिवशी कळवू नकोस. एकतीसपर्यंत मुदत आहे, तर एकतीसपर्यंत थांब.

लायकीचं मला विचारू नकोस. चाळीस वर्षांत तीस चुका सगळेच करतात. तुला तुझी पंधरा दिवसांत दिसली आणि जेवण गेलं नाही. मला दिसली तेव्हा मी रस्ता बदलला.

माझं ‘नको’ परत घेते. ‘हो’ म्हणत नाहीये, ते तुझं तू म्हण.

आत्या

१७ ऑगस्ट

आत्या,

सांगितलं.

आदल्या दिवशी आरशासमोर चार वाक्यं पाठ केली होती, त्यातली दोन विसरले. म्हटलं, पाचवा प्रश्न मी तुम्हाला चुकीचा शिकवला होता, उत्तर अठ्ठेचाळीस आहे, आणि कसं ते आता बघू. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काहीच झालं नाही. मागून एकाने विचारलं, मग आमचे मार्क जाणार का? मी म्हटलं, नाही जाणार, चूक माझी होती. त्यावर टाळ्या पडल्या. आता त्यांना प्रत्येक चुकीत माझा हात दिसतोय. एकाने स्वतःचं नाव चुकीचं लिहिलं होतं, तेही माझ्यावर ढकलून पाहिलं.

त्या चष्मेवालीला मी सगळ्यांसमोर म्हटलं की हिने ते आधीच बरोबर सोडवलं होतं. तिने मान खाली घातली आणि लाल झाली. मी तिच्यावर उपकार केले की तिला अवघडवलं, कळत नाही. नंतरही ती हात वर करत नाहीच.

ऑफिसला अजून काही कळवलं नाही. बाबा रोज जेवताना तारीख सांगतात.

मुंगी

२४ ऑगस्ट

मुंगे,

तुझं पत्र बुधवारी आलं. गुरुवारी मी रस्ता ओलांडला.

दुकानात गर्दी होती. मी मागे उभी राहिले, म्हटलं सगळे जाऊ देत, आणि मग एकेक नवा येतच राहिला. शेवटी मशीन गरम झालं म्हणून त्याने ते बंद केलं, तेव्हा मी पुढे झाले. बोलता येत नाही, म्हणून घरूनच लिहून नेलं होतं. सहामाही, समीकरण, नक्कल, तुझी रीत बरोबर होती, मला सुट्टीत कळलं आणि मी सांगितलं नाही, सगळं. चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

त्याने वाचली. मग परत वाचली. डोक्यावरचे केस विरळ झालेत त्याचे. मला वाटलं, आता म्हणेल की बाई, मी विसरूनही गेलो. तसं म्हणाला असता तर मी हलक्या पावलाने घरी आले असते.

तो म्हणाला, “बाई, हेच माझ्या वडिलांच्या नावाने लिहून द्याल का? त्यांना अजून वाटतं मी नक्कल केली होती.”

मी तिथेच उभ्याने लिहून दिलं. अक्षर वाईट आलं. त्याने त्याची एक प्रत काढून स्वतःजवळ ठेवली आणि मूळ कागद पाकिटात घातला. पैसे घेतले नाहीत, पण हसलाही नाही. हसावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

घरी येऊन मी खूप रडले. आवाज न करता रडायचीही आता सवय झालीय. एवढंच तुला सांगायचं होतं. तुझ्या निर्णयाबद्दल मी काही लिहीत नाही. आठवडा उरलाय.

आत्या

३० ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र मी बॅगेत घेऊन फिरतेय. त्या वडिलांनी ते पाकीट उघडलं असेल का, हाच विचार रोज येतो. त्याबद्दल तुला भेटूनच काय ते बोलेन. म्हणजे मी बोलेन, तू पाटीवर लिही.

आता आजचं. काल संध्याकाळपर्यंत मी विमा कंपनीच्या बाजूने होते. होकाराचं पत्र लिहून तयार होतं. बाबांनी त्यातला स्वल्पविरामही सुधारला होता.

आज तिसरा तास शेकडेवारीचा होता. फळ्यावर गणित घातलं. शंभराची वस्तू आधी दहा टक्क्यांनी महागली, मग दहा टक्क्यांनी स्वस्त झाली, आता किंमत किती? मी नव्याण्णव लिहिले आणि वळले. दुसऱ्या बाकावर चष्मेवाली उभी होती. हात वर केला नव्हता, उभीच राहिली होती. कान लाल झाले होते.

“बाई, तुमचं चुकलंय,” ती म्हणाली. “शंभरच व्हायला हवेत.”

पुन्हा? मी फळ्याकडे वळले आणि मनात हिशेब केला, मग परत केला. माझं बरोबर होतं, आत्या. तिचं चुकलं होतं. या सात आठवड्यांत तिचं पहिल्यांदा चुकलं होतं, आणि तेही उभं राहून, सगळ्यांसमोर.

खडू तिच्याकडे धरला. ती आली. दहा टक्के वाढवून एकशेदहा लिहिले. मग त्याचे दहा टक्के काढायला लागली आणि मधेच थांबली. अकरा लिहिले. वजा केले. बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मागे कोणीतरी फिसकन हसलं, तिने लक्ष दिलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हां, बरोबर आहे तुमचं.” जणू मीच पेपर दिला होता आणि तिने तपासला होता. खडू ठेवला, हात झटकले आणि जागेवर जाऊन बसली.

मला इतका आनंद झाला की पुढचं गणित मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चुकीचं वाचलं. दोन्ही वेळा तिघा-चौघांनी टोकलं.

शाळा सुटल्यावर घरी गेलेच नाही, बसने थेट अध्यापक महाविद्यालयात गेले. अर्जात शेवटी एक चौकट होती, ‘शिक्षक का व्हायचे आहे?’ मी ती कोरी ठेवली होती. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. म्हणाला, हे भरल्याशिवाय घेता येत नाही, दोन वाक्यं तरी लिहा, सगळे देशसेवा लिहितात. मी खिडकीवरच लिहिलं, ‘आज एका मुलीने उभं राहून मला माझं चुकलं असं सांगितलं. तिचं चुकलं होतं.’

त्याने ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

मुंगी